गळती म्हणाला असतात तर

मी प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र आहे, मित्रांनो. माझं काम लघवी तपासण्याचं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं काही नाही.

मूत्रपिंड म्हणजे शरीरातली गाळणी. मधुमेहानं ती झिजू लागली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपतं. तेव्हा काही दुखत नाही, खुपत नाही. माणूस ठणठणीत दिसतो. ते झिरपणं मला मात्र दिसतं. नवा होतो तेव्हा डॉक्टरांनी याच गुणासाठी माझी पाठ थोपटली होती.

आमच्या बेसिनचा नळ दुरुस्त करायला एक प्लंबरकाका यायचे. बेसिनखाली आडवे पडून नमुने तपासणाऱ्या ताईंशी बडबडायचे, "ताई, धो धो गळलं तर आंधळ्यालाही कळतं हो! बारीक गळतीला मी घाबरतो. भिंत आतून खाते ती."

काकांना मधुमेह होता. ताईंनी आग्रहानं त्यांचा नमुना घेतला. आकडा तिसाच्या आत हवा होता. मी एकशे दहा दाखवला. काकांनी अहवालाचा कागद वाचला.

"मायक्रो-अल्ब्युमिन? हे काय नवीन?"

"मायक्रो म्हणजे अगदी थोडं, काका. सवडीनं डॉक्टरांना दाखवा."

"थोडंच ना? मग सुटलो!" काकांनी कागदाची घडी घातली आणि पान्यांच्या पेटीत टाकली.

तेव्हाच औषधं सुरू झाली असती, तर झीज बरीच लांबवता आली असती. माझा आकडा खरा होता, पण आकड्याला तोंड नसतं. ज्यांना तोंड होतं, ते "थोडं" म्हणाले.

सहा वर्षांनी काका लेकीचा हात धरून आले. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डायलिसिस सुरू झालं होतं. पेटी विकायला काढताना लेकीला तो कागद सापडला होता. तिनं तो टेबलावर आपटला.

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

ताई कागदावरचा आकडा पुन्हा पाहू लागल्या. काकाच हळू आवाजात म्हणाले, "त्यांना ओरडू नकोस गं. पण ताई, नुसतं गळती म्हणाला असतात ना, तर मी त्याच दिवशी धावलो असतो."

मित्रांनो, घरात कुणाला मधुमेह असेल, तर दरवर्षी ही तपासणी करायला लावा. कागदावर मायक्रो दिसलं, तर मोठ्यानं गळती असं वाचा. सवड शोधू नका.

काका आता येत नाहीत. बेसिनचा नळ पुन्हा टिपकतोय. तो मात्र सगळ्यांना ऐकू येतो.