साडेपाचला बंद पडणारी लाइन

सुनीतीच्या डोक्यात एकदा ‘का’ शिरला की तिला जेवण गोड लागत नसे. याच स्वभावाच्या जोरावर ती वीज पारेषण कंपनीत साधी अभियंता म्हणून लागून मुख्य अभियंता झाली होती. आता संचालकपदाची मुलाखत तीन दिवसांवर होती, आणि नेमकी तेव्हाच मारेगावकडची उच्चदाबाची लाइन रुसली. महिनाभरात अकरा वेळा बंद.

हाताखालच्यांनी कारण शोधून ठेवलंच होतं. शेतकरी लाइनीखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळतात, धूर वर जातो, लाइन बंद पडते. आठ जणांची नावं घातलेली पोलीस तक्रार सहीसाठी टेबलावर होती. साल दोन हजार सहा. कापसाने कंबरडं मोडलेल्या गावात पोलीस धाडायचे, तर निदान कारण तरी खरं हवं. सुनीतीने वेळा तपासल्या. अकराही वेळा पहाटे साडेपाच-सहाच्या. पऱ्हाट्या तर लोक दुपारी जाळतात. मग धूर रात्रभर वाट बघत बसतो की काय?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती शिवारात हजर. सोबत लाइनीची पायी गस्त घालणारा देवसिंग. एवढी मोठी मॅडम ढेकळं तुडवत आली याचंच त्याला नवल वाटत होतं.

फटफटलं तसे टॉवरच्या आडव्या हातांवर पन्नासेक करकोचे दिसले. एकाने उडण्याआधी पोट मोकळं केलं. लांब ओली धार तार टांगलेल्या चिनीमातीच्या चकत्यांसमोरून खाली आली, त्या ओलीतून वीज लोखंडात उतरली, धाडकन आवाज झाला आणि तारांची गुणगुण थांबली. सुनीतीला हसूच फुटलं. चोर सापडला म्हणून ती अगदी खूश झाली.

“ही पाखरं आधी कुठे बसायची?”

“तिथं जी, तळ्याकाठी. सहा चिचा होत्या. गेल्या उन्हाळ्यात तोडल्या आपल्याच लोकायनं.”

“पण तळं लाइनीपासून लांब आहे.”

“मीबी तेच म्हनलो, कायले तोडून राह्यले? तं साहेब म्हने, वरून हुकूम हाये. लाइनीच्या दोन्हीकडं दहा मीटर जास्तीचं साफ करा.”

सुनीतीचं हसू मावळलं. तो हुकूम तिचाच होता. झाडं तोडायच्या त्या मोहिमेचं कौतुक झालं, त्यावरच तिला बढती मिळाली. ती सहा झाडं तिने कधी पाहिलीही नव्हती. तिला लाज वाटली, आणि मुलाखत आठवून भीतीही.

तरी तिने तक्रार फाडली आणि अहवालात दोन्ही लिहिलं, पाखरंही आणि हुकूमही.

मुलाखतीत अध्यक्षांनी अहवाल पुढे सरकवला. “बाई, हे कशाला अंगावर घेता? धुरावरच राहू द्या. त्या आठ जणांचं काय, चार दिवसांत सुटतील.”

“ते सुटतील,” सुनीती म्हणाली. “पण लाइन साडेपाचला बंद पडेलच.”

संचालक दुसराच झाला. तिला ते फार लागलं. आठवडाभर ती घरात कोणाशी धड बोलली नाही. पावसाळ्यात मात्र ती तळ्याकाठी गेली आणि देवसिंगच्या मदतीने चिंचेची सहा रोपं लावली.

“यांच्यावर पाखरं कधी बसतील?” तिने विचारलं.

देवसिंगने वीतभर रोपाकडे पाहिलं. “वीस वर्सं तं लागतेच, मॅडम. तोवर आपन दोघंबी रिटायर होऊन जाऊ.”