पाण्यातून काढलेला स्वेटर

माझी जीभ वाईट. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सासू म्हणाली होती, जसोदा, तुझ्या जिभेला हाड नाही, एक दिवस घर बुडवशील. म्हातारी गेली, पण तिचा बोल घरातच राहिला.

मगन फौजेत निघाला तेव्हा दारातच आमचं वाजलं. एकुलता एक पोरगा, तापीकाठची काळी जमीन, केळीचा बाग उभा, आणि हा म्हणे बंदूक उचलणार. त्याचे वडील चुनीलाल गप्प. ते जन्माचेच गप्प. मग बोलायचं कुणी? मीच बोलले.

"जाय. आते मन्हा हातथून तुले कोरं कपडंच भेटी."

कोरं म्हणजे पाणी न लागलेलं. आमच्यात नवं कापड जित्या माणसाच्या अंगाला तसंच लावत नाहीत, आधी पाण्यातून काढतात. कोरं घालायचं ते तिरडीवरच्याला. मगनला हे ठाऊक होतं. त्याने पिशवी उचलली आणि माझ्या पाया न पडता निघून गेला.

दोन वर्षं त्याची पत्रं वडिलांच्या नावाने आली. शाळेच्या चित्रेबाई वाचून दाखवायच्या. मी चुलीपाशी बसून कान देत असे. माझं नाव कुठेच नसायचं. बासष्ट सालच्या भादव्यात लडाखकडून पत्र आलं, त्यात शेवटी लिहिलं होतं, इथं थंडी फार आहे, आईला जमलं तर एक स्वेटर विणून पाठवावा. मी तिथेच पदर तोंडात धरून रडले. दोन वर्षांनी पोराने आई म्हटलं होतं.

आता आमचा जन्म गेला कपाशीत. बोंडं वेचली, सरकी काढली, वाती वळल्या. लोकर कधी हाताला लागली नव्हती. बाईंनी नंदुरबारहून खाकी लोकर आणवली, दोन सुया दिल्या, आणि मी शेंबड्या पोरीसारखी त्यांच्यासमोर उलटे-सुलटे टाके शिकायला बसले. बाईंनी नमुना निवडला तो वेण्यांचा. पुढून-मागून सारखाच, घाईत कसाही चढवा, चुकायचा नाही. गळा ओढला तर कानापर्यंत येईल, बाह्या सोडल्या तर बोटं झाकतील. वेणी घालताना तीन टाके बाजूला काढून धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग बाजूचे घ्यायचे. त्यासाठी तिसरी सुई लागते. ती नव्हती, तर मी कपाशीच्या पऱ्हाटीची काडी तासून घेतली. कितीदा चुकले याला गणती नाही. बाई म्हणायच्या, साधा विणा, वेण्या राहू द्या. मी म्हणे, वेणीत ऊब राहते हे तुम्हीच सांगितलंत ना, मग बाह्यांनाही वेण्याच घालणार.

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या गावचा फुलसिंग रजेवर आला. तो मगनच्याच पलटणीतला. पण चीनने हल्ला केला आणि चारच दिवसांत त्याला परत बोलावणारी तार आली. त्याने निरोप धाडला, काकी, उद्या सकाळी निघतो, काय द्यायचं ते तयार ठेवा. स्वेटर त्याच सकाळी पुरा झाला होता. मी तो खाटेवर पसरला. पाठ, छाती, दोन लांब बाह्या. हात फिरवला तेव्हा कुठे ध्यानात आलं. हा तर कोरा होता.

यांनी सांगितलं, हळदीचं बोट लाव, पुरे. पुरे कसं? शाप काय बोटभर दिला होता? माझ्या हातून त्याला कोरं काही जायला नको, एवढंच डोक्यात बसलं. मग आमच्या घरात नवं कापड जसं धुतात तसंच मी केलं. हंड्यात पाणी उकळलं, मूठभर सोडा टाकला, स्वेटर त्यात बुडवून काठीने चांगला ढवळला. मग दगडावर घेतला आणि धोपाटण्याने बडवला. हे झालं पाण्यातून काढणं, असं मनाशी म्हणत बडवला. पुन्हा उकळत्या पाण्यात घातला.

बाहेर काढला तेव्हा मला वाटलं, दुसरंच काही हातात आलंय. सहा वर्षांच्या पोराच्या अंगाचा झाला होता. जाड, कडक, घोड्याच्या खोगिराखालच्या नमद्यासारखा. वेण्या एकमेकींत रुतल्या होत्या. मी एका बाजूने ओढला, यांना दुसऱ्या बाजूने ओढायला लावला. बोटभरही सरकला नाही. तसाच ओला घेऊन शाळेत धावले. चित्रेबाईंनी तो हातात घेतला आणि खालीच बसल्या. म्हणाल्या, लोकर उकळत नसतात हो जसोदाबाई, ती आटते, मी सांगायला हवं होतं. उसवून पुन्हा विणते म्हटलं, तर सुईचं टोकही टाक्यात शिरेना. लोकर उरली नव्हती. वेळ उरला नव्हता. मी शाळेच्या पायरीवर बसून कपाळ बडवून घेतलं. आधी जिभेने मारलं पोराला, आता हाताने मारलं. दुसरं काय म्हणायचं याला?

सकाळपर्यंत तो चुलीच्या उबेला वाळला. फुलसिंग दारात आला तेव्हा स्वेटर पदराखाली धरून मी उभीच. द्यावा तर लाज, न द्यावा तर पोराला वाटेल आईने मनावरच घेतलं नाही. शेवटी हे पुढे झाले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा यांनी माझ्या हातातून काही हिसकावलं, आणि फुलसिंगच्या पिशवीत घातलं. फुलसिंगने स्वेटर पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीचं तोंड आवळलं.

"त्याले सांग, मायना हातथून बिघडना," मी म्हटलं. "पन कोरा नई शे म्हनावं. पानीमझारथून काढेल शे."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पंचायतीच्या रेडिओपुढे मी पुरुषांच्या मागे उभी राहायचे. कुठली चौकी पडली ते सांगायचे, कोण पडलं ते सांगायचे नाहीत. लढाई थांबली म्हणून गावाने नारळ फोडला. पत्र नाही. पोष्टमन दिसला की मी घरात जाऊन दार लावून घ्यायचे. पौष लागला. देवळात जायचंही सोडलं, कुठल्या तोंडाने मागणार?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चित्रेबाईच पत्र घेऊन आल्या. पाकिटावर माझं नाव होतं. मी भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, वाचा.

मगनने लिहिलं होतं, स्वेटरात डोकंही शिरलं नाही. पण वीण इतकी घट्ट झाली होती की सुरीने कापली तरी एक धागा सुटला नाही. म्हणून दोन्ही बाह्या कापल्या, एका टोकाला शिवल्या आणि पायांत घातल्या. पाठ-छातीचे तुकडे फुलसिंगने स्वतःच्या पायांना गुंडाळले. सहा दिवस बर्फातून चालत मागे आलो. बरोबरच्या नऊ जणांच्या पायांची बोटं दवाखान्यात कापावी लागली. एवढं शाळेतल्या मराठीत होतं. शेवटची ओळ घरच्या बोलीत होती. बाईंना ती नीट वाचता येईना, अडखळत वाचली.

"माय, मन्हा दहाना दहा बोटं शेतस. फुलसिंगनी तुन्हा निरोप दिधा. माले समजनं."

मी ती ओळ तीनदा वाचून घेतली. हे ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले होते, त्यांचे खांदे हलत होते.

बाईंकडे लढाईच्या दिवसांत जवानांसाठी आलेली लोकर शिल्लक होती. मी मागितली. त्या म्हणाल्या, या खेपेला मापाने विणू, आणि धुवायचाच तर गार पाण्यात. मी म्हटलं, बाई, तुमची विद्या तुमच्यापाशी, मला स्वेटर विणायचाच नाही. होळीपर्यंत मी नुसत्या बाह्या विणल्या, वेण्यांच्या, अठरा बाह्या, त्या नऊ जणांसाठी नव्हे, त्यांच्या जागी येतील त्यांच्यासाठी. मग हंडा चुलीवर चढवला आणि यांना म्हटलं, सोड्याचा डबा आणा.