मान खाली

"मान खाली," कात्री सरसावत काका म्हणाले, आणि सरांनी मान खाली घातली. बोलणं मात्र थांबवलं नाही.

"विज्ञान काय म्हणतं ते सांगतो," हनुवटी छातीला टेकवूनच सर म्हणाले. "कोणी सकाळी उठून ठरवत नाही, की आजपासून आपल्याला पुरुषच आवडायला हवेत. ते आतूनच असतं. नेमकं कशामुळे, हे अजून कोणाला पुरतं उलगडलेलं नाही, ही गोष्ट वेगळी."

"सगळे चोचले हो सर," बाकावर पाय पसरून बसलेला टेम्पोवाला म्हणाला. "आमच्या वेळी होते का असले? आता मोबाइलवर बघतात आणि म्हणतात, आपलंही तसंच. फॅशन आहे. आज केस लाल, उद्या हिरवे."

"तुमच्या वेळीही होते. तुम्हाला कोण सांगायला येणार?"

दुकान लहानसंच होतं. दोन खुर्च्या, एक बाक आणि समोर भिंतभर आरसा. केस कापायच्या दुकानात माणसं एकमेकांकडे बघून बोलत नाहीत, आरशात बघून बोलतात, त्यामुळे भांडणंही जरा लांबून होतात आणि कोणाला लागत नाहीत. सर आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आता वर्ग नव्हता, म्हणून इथे येऊन शिकवत. टेम्पोवाल्याला दाढी करायची असो नसो, माल उतरवून झाला की तो बाकावर हजर असायचा.

"काका, तुम्ही सांगा," टेम्पोवाला म्हणाला. "तुम्ही दिवसभर लोकांची डोकीच बघता. जन्मतः असतं का निवडतात?"

अशा वेळी काकांचं एक ठरलेलं उत्तर होतं. 'मला बापड्याला काय कळतंय?' निवडणुकीपासून सासू-सुनेच्या भांडणापर्यंत त्यांनी सगळं याच उत्तरावर निभावलं होतं. त्या दिवशीही ते चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गप्प बसलो तर यांना संशय येईल, असं काकांना उगाचच वाटलं.

"वळणाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "केस काय नि पोरं काय, वळण लावणारा हात लागतो. आमच्या भोवऱ्याचंच बघा. डोक्यावर दोन भोवरे घेऊन जन्माला आला. केस सगळीकडे उभे. बसवले की नाही मी? कोणाला ओळखू तरी येतं का आता?"

भोवऱ्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. बहुतेकांच्या डोक्यावर केस एका जागेवरून गोल फिरतात, याचे दोन जागांवरून फिरत, तेही उलटसुलट. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं लोक थट्टेने म्हणतात. त्यावरून तो पाळण्यात होता तेव्हापासून दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्याची दोन-दोन लग्नं लावली होती.

"तेच म्हणतो मी," टेम्पोवाला खूश झाला.

"माझ्या घरात असलं काही निघालं असतं ना," काका बोलू लागले, आणि तेवढ्यात आरशात दुकानाचं दार उघडलं.

दारात भोवऱ्या उभा होता. हातात घडी घातलेलं जाकीट, केस कानांवर आलेले. महिन्यातून एकदा तो केस कापायला यायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाहून. तिथे चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासायचं काम करत होता. आरशात दोघांची नजर भेटली. काकांचं वाक्य अजून अर्धंच होतं. तिथे थांबता आलं असतं. खोकला काढता आला असता. टेम्पोवाला वाट बघत होता, सर वाट बघत होते, आणि काकांनी वाक्य पुरं केलं.

"तर चार दिवसांत सरळ केलं असतं मी. आमच्याकडे नाहीत असली थेरं."

टेम्पोवाला वळला. "अरे, हा बघा! शंभर वर्षं आयुष्य आहे रे तुला! आत्ता तुझंच नाव काढलं होतं. काय रे, दोन बायका करणार होतास ना? पहिलीचा तरी काही पत्ता?"

टेम्पोवाला हसला, मान खाली घातलेले सरही हसले, आणि काकाही हसले. ते हसू त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

"गर्दी आहे," भोवऱ्या म्हणाला. "येतो नंतर."

दुसरी खुर्ची रिकामी होती.

*

गेल्या हिवाळ्यात याच खुर्चीत बसून त्याने सांगितलं होतं. दुपारी दुकान बंद ठेवून काका त्याचे केस कापत होते. गळ्याला कापड बांधलं की माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून लग्नाचा विषय ते नेमका तेव्हाच काढत.

"बाबा, मला बायका आवडत नाहीत," तो आरशात बघून म्हणाला होता. "आज नाही, उद्या आवडतील, असं नाही. कधीच नाही. मला पुरुष आवडतात."

काकांची कात्री थांबली. "कधी ठरवलंस हे?"

"हे नाही ठरवलं. सांगायचं तेवढं आज ठरवलं."

त्यावर बापाने काय म्हणावं, हे काकांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी हाताला लागलं ते वाक्य फेकून मारलं. "चारचौघांत मान खाली घालायला लावणार तू मला."

मानेवरचे केस तेवढे राहिले होते, आणि काम अर्धवट टाकायची काकांना सवय नव्हती.

"मान खाली," ते म्हणाले.

त्याने मान खाली घातली. काकांनी केस कापले, टाळूवर पाणी मारलं, कंगव्याने भोवरे चापून बसवले आणि कापड सोडलं. भोवऱ्या नेहमीसारखा 'येतो' म्हणून गेला, आणि पुढच्या महिन्यात नेहमीसारखा आला. त्या विषयावर पुन्हा कोणी अवाक्षर काढलं नाही. काकांना वाटलं, निवळलं. त्यांना ती निवड असायला हवी होती, कारण निवडलेलं परत ठेवता येतं. वेडेवाकडे केस कापून घेतलेलं पोर थोड्या दिवसांनी शहाणं होतंच. पण जन्मापासूनचं असेल तर रागवायचं कोणावर, आणि इतकी वर्षं आपण बघत काय होतो, हे त्यांना कळत नव्हतं.

*

त्या दिवशी संध्याकाळी ताट वाढता वाढता बायकोने विचारलं, "आला होता ना?"

"गर्दी होती. नंतर येतो म्हणाला."

"मला फोन आला होता त्याचा." तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. "म्हणाला, बाबा काहीबाही बोलत होते, पण मी दारात आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. तू त्यांना बोलू नकोस."

काकांचा घास हातातच राहिला.

"काय बोललात एवढं?"

"काही नाही. दुकानातल्या गप्पा."

"हे बघा," ती म्हणाली, "मलाही सांगितलंय त्याने. जन्मतः असेल तर माझ्या पोटातून आलं, आणि निवडलं असेल तर तुमच्या वळणातून. दोघं मिळून वाटून घेऊ. त्या पोरावर कशाला काढायचं?"

काका उठले आणि हात धुवायला गेले. दिसला नव्हता, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. आरशावर वाफ होती. दारात उजेड होता. लक्ष सरांच्या मानेकडे होतं. प्रत्येक सबब पोराने आधीच देऊन ठेवलेली होती, फक्त उचलायची होती. आपल्याला लाज वाटू नये म्हणून त्याने आपल्या वतीने खोटं बोलावं, याची त्यांना इतकी लाज वाटली की नळ चालूच राहिला.

महिना उलटला, पुढचाही अर्धा सरला. दार वाजलं की काका आरशात बघत. केस आता कॉलरवर आले असतील, त्यांच्या मनात येई. डोळ्यांवर येत असतील, काम कसं करत असेल?

*

तो आला, पण दुकानात नाही. आईचा नवा चष्मा घेऊन सुट्टीच्या दिवशी घरी आला. आई खुर्चीत बसली होती आणि तो तिच्यासमोर स्टुलावर, मान खाली घालून, बारीक पेचकसाने चष्म्याची काडी सारखी करत होता. काका पाणी प्यायला म्हणून त्याच्या मागून गेले आणि तिथेच थांबले.

केस कापलेले होते.

धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचा हात लगेच कळतो. मानेवरची रेघ स्वच्छ होती. कानांमागे घाई नव्हती. आणि टाळूवरचे दोन्ही भोवरे उघडे होते. कापणाऱ्याने ते दाबले नव्हते की लपवले नव्हते. ज्या बाजूला ज्याला फिरायचं होतं तिकडे त्याला जाऊ दिलं होतं, आणि एकही केस उभा नव्हता.

"कुठे कापलेस?"

"घराजवळ आहे एक दुकान."

"पाणी मारलं का त्याने वर?"

"नाही."

"हात चांगला आहे," काका म्हणाले. ते खरंच होतं. "त्या दिवशी दुकानात…"

"जाऊ दे ना बाबा. तुम्हाला दिसलो नव्हतो मी."

खोलीत आरसा नव्हता. समोर फक्त पोराची पाठ होती. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, हिवाळ्यापासून दोघं तसेच तर जगत होते.

"दिसला होतास," काका म्हणाले.

आईचा हात पदराशी थांबला. भोवऱ्याने वर बघितलं नाही. त्याने पेच आणखी थोडा आवळला.

"माहीत आहे," तो म्हणाला. मग चष्मा आईच्या डोळ्यांवर चढवून त्याने दोन्ही काड्या तिच्या कानांमागे नीट बसवल्या. "बघ आता. टोचतंय का?"

"नाही रे."

जाताना काका दारापर्यंत गेले. "दुकानात येशील ना?"

त्याने जाकीट चढवलं, बटणं लावली. "घरी येईन बाबा," तो म्हणाला.

*

"भोवऱ्या दिसत नाही हल्ली," टेम्पोवाला म्हणाला. या खेपेला तो खुर्चीत होता आणि सर बाकावर पेपर वाचत होते. "का बायको बघायला गेला?"

काकांनी कंगवा पुसला. "तो केस दुसरीकडे कापतो."

सरांचा पेपर खाली आला. टेम्पोवाला आरशात हसला, कारण हा विनोदच असणार होता. न्हाव्याचा मुलगा दुसऱ्याच्या दुकानात जातो, असं कुठे असतं? मग त्याला आरशात काकांचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"काय सांगता? का हो?"

"माझ्याकडून नीट कापले गेले नाहीत." काकांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त ते थांबत थांबत बोलत होते. "आणि ते भोवरे बसवले म्हणून सांगायचो ना, ते बसले नव्हते कधीच. पाणी मारून चापायचो. वाळले की पुन्हा उभे. लहान होता तेव्हा रात्री डोक्याला रुमाल बांधून झोपवायचो त्याला. रडायचा."

सरांनी पेपरची घडी घातली. बाहेर एका गाडीने हॉर्न दिला. टेम्पोवाल्याने आपल्या गाडीकडे बघायचं निमित्त केलं, पण गाडी त्याची नव्हती.

मानेवरचे केस राहिले होते. काकांनी कात्री हातात घेतली, पण दिवसभर तोंडात असणारे ते दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. ते नुसतेच उभे राहिले. शेवटी टेम्पोवाल्याला काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने आपणहून मान खाली घातली.

आरशात काकांचा चेहरा तेवढा उरला. त्यांनी तो नीट बघितला, आणि मग कापायला सुरुवात केली.