तिसाव्या पानावरची खूण

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. १९९७ साली आयर्लंडात घटस्फोटाचा कायदा लागू झाला, त्याच वर्षी मी क्लूनबेग गावी आले. घटस्फोटानंतर, चाळिशीत, स्वतःला नव्याने ओळखणाऱ्या एका बाईची गोष्ट माझ्यात आहे. तिला पुढे प्रियकरही भेटतो. माझी काही पाने चांगलीच तिखट आहेत. ती तुम्ही मोठे झालात की वाचा.

मला लाल कव्हर घालून फिरत्या वाचनालयाच्या गाडीत ठेवले. गाडी मॅलकी चालवायचा आणि पुस्तकेही तोच द्यायचा. बायका मला विणकामाच्या पुस्तकाखाली लपवून नेत. सतरावे प्रकरण इतक्या वेळा वाचले गेले की हातात घेताच मी आपोआप तिथेच उघडत असे. "ही घरात असली की शेगडी पेटवायला नको," असे फिलोमिना डोळे मिचकावून सांगायची. त्या दिवसांत मला फार भाव होता.

तिथे एक रीत होती. हे पुस्तक आपण वाचले आहे, हे पुढच्या खेपेला कळावे म्हणून प्रत्येक बाई आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करायची. फिलोमिनाचे टिंब तिसाव्या पानावर असे. कुणाची खूण कोणती, हे सगळ्यांना ठाऊक होते.

तिची शेजारीण डिम्पना मात्र सतरावे प्रकरण उलटून पुढे जाई. नायिका एकटी कोर्टाची पायरी चढते, ते पान ती पुन्हा पुन्हा वाचे. तिचा नवरा फिंटन अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडला जाऊन दुसरीबरोबर राहिला होता. त्याच्या आईला, विनीला, डिम्पनाच सांभाळत होती. एके दिवशी तिने मला मिटले आणि घटस्फोटाचा अर्ज केला. नवरा-बायको निदान चार वर्षे वेगळे राहिलेले असले, तरच कायद्याने घटस्फोट मिळे. फिंटनने उलट कळवले की, तो दर वर्षी घरी येऊन राहतो. हे खोटे आहे, एवढे कोर्टात सांगणारे कुणीतरी तिला हवे होते.

या पुस्तकानेच तिचे डोके फिरवले, असे गावाने ठरवले. आणि त्याच महिन्यात मला कधी नव्हती एवढी मागणी आली. एकेक बाई मला घरी नेई, खोडरबराने आपली खूण पुसे आणि परत आणून देई.

डिम्पनाने फिलोमिनाला गाडीपाशी गाठले आणि साक्षीसाठी विनवले.

"मला नको ओढूस त्यात. असली पुस्तकं वाचणाऱ्यांतली नाही मी."

डिम्पनाने मला उघडले. "मग तिसावं पान एवढं घासून पांढरं कुणी केलं गं?"

रांगेतल्या बायका आपापल्या बुटांकडे पाहू लागल्या. मॅलकी शिक्के मारत राहिला.

"पुस्तकात ठीक असतं," फिलोमिना हळूच म्हणाली. "त्या बाईला शेजारी नव्हते. मला इथंच राहायचंय."

पुढे तक्रार झाली आणि वाचनालयाने मला काढून टाकले. मॅलकीने मला गुपचूप डिम्पनाच्या हाती दिले. कोर्टात जाताना मी तिच्या पिशवीत होते. साक्षीला अखेर विनी उभी राहिली. मुलाने अकरा वर्षांत घराचा उंबरठा चढला नाही, असे तिने शपथेवर सांगितले. घटस्फोट मंजूर झाला. बाहेर डिम्पनाने तिचे हात धरले. विनीने ते सोडवून घेतले.

"तुझ्यासाठी नाही आले मी. त्यानं मलाही टाकलंय, ते कुणासमोर तरी बोलायचं होतं."

विनी त्याच आठवड्यात मुलीकडे राहायला गेली. डिम्पनाशी पुन्हा बोलली नाही. विनी वारली तेव्हा खांदा द्यायला फिंटन सर्वांत पुढे होता. फिलोमिना चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष झाली. मॅलकीची गाडी बंद झाली. डिम्पनाने गॉलवे शहरातल्या हॉटेलात खोल्या साफ केल्या आणि पुढे स्वतःचे छोटे घर घेतले. माझ्या शेवटच्या प्रकरणातला प्रियकर तिला भेटला नाही. "लेखिकेनं जरा जास्तच रंगवलंय," असे ती माझ्यावरची धूळ झटकताना म्हणते.

आता माझी शिवण उसवली आहे. मित्रांनो, पुस्तकांना ओल लागू देऊ नका, पाने दुमडू नका. पण खरे सांगू? फाटण्याचे मला तितके दुःख नाही. ज्यांनी मला छातीशी धरले, त्यांनी चारचौघांत ओळख दिली नाही, ते लागले. पुस्तकातल्या बाईसाठी रडलात, तर शेजारच्या बाईसाठी दोन शब्द बोला.