खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा

मित्रांनो, मी चढावरच्या वळणाला उभा असलेला एक जुना दिव्याचा खांब आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझे डोके अजून तापलेले आहे.

मला नगरपालिकेच्याच कारखान्यात घडवले. माझी देखभाल तिचाच वायरमन करी. माणूस तिरसट, पण दिवा गेला की दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर! माझ्या उजेडात इस्त्रीवाल्या काकूंची टपरी अंधार पडल्यावरही चाले. "हा खांब आहे म्हणून लोकांच्या कॉलरी वाचल्या," असे त्या म्हणत. मग मी आणखीच ताठ होई.

पुढे नगरपालिकेने दिवे एका कंपनीला चालवायला दिले. खांब हिचा, दिवा तिचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत झाली. एके दिवशी मी विझलो. काकूंनी तक्रार केली. कंपनीचा माणूस वर चढला, उतरला, हात झटकून म्हणाला, "दिवा चांगलाय. खांबातली वायर गेलीय. ती नगरपालिकेची."

नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "दिव्यांचं आता आमच्याकडे काही नाही."

अंधार कुणाचा, हे मात्र कुणीच सांगितले नाही.

त्या आठवड्यात काकूंचे यजमान संध्याकाळी कपड्यांचे गाठोडे घेऊन सायकलवरून चढ उतरत होते. माझ्या पायाशी गटारासाठी चर खणलेला होता. तो त्यांना दिसला नाही. मांडीचे हाड मोडले. ते कळवळत होते आणि मी ठोंब्यासारखा उभा होतो. मित्रांनो, त्या दोन्ही मालकांविषयी तेव्हा जो द्वेष माझ्यात भरला, तो गंजासारखा आहे. रंग दिला तरी आत राहतो.

सकाळी साहेब आले, कंपनीचा माणूसही शिडीची गाडी घेऊन आला. दुरुस्तीला नव्हे, फोटो काढायला!

साहेब म्हणाले, "माणसानं नीट बघून सायकल चालवावी."

"नीट बघायलाच दिवा लागतो ना, साहेब!" काकू कडाडल्या. त्यांनी टपरीतून साखळी आणली, शिडीची गाडी माझ्याशी बांधली आणि कुलूप ठोकले.

"अहो, गाडी कंपनीची आहे!" तो माणूस ओरडला.

"असेल. खांब नगरपालिकेचा आहे. साखळी माझी. कुणी सोडवायची, ते आता तुम्ही दोघं ठरवा. दिवा लागल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

सगळी गल्ली काकूंच्या मागे उभी राहिली. दोघे एकमेकांवर खेकसले, शिव्या हासडल्या, आणि अखेर एकाने वायर आणली, दुसऱ्याने जोडली. दिवस मावळायच्या आत मी पेटलो. काकूंचे यजमान मात्र आजही लंगडतात.

मित्रांनो, मला हार नको, रंग नको. मी विझलो तर "बिचारा खांब" म्हणून हळहळू नका. चिडा. आणि कुणाचे तरी हाड मोडण्याआधी चिडा.