वीस मिनिटांत वाजणारं वाद्य

एंजेलाकडे दिवसातली वीस मिनिटं होती. पहाटे सहाला सुप्याच्या कारखान्याची बस, संध्याकाळी साडेपाचला घरी, आणि सहाला गॅसवर तवा चढला नाही तर दोन्ही मुलं घर डोक्यावर घ्यायची. त्या अर्ध्या तासातून चहाची दहा मिनिटं वजा जाता उरली वीस. एवढ्या भांडवलावर ही बाई चर्चमध्ये वाद्य वाजवायला निघाली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिला वेळ लागतो हे कोणी सांगत नाही.

खरं तर ती हौस नव्हतीच. कारण होती सासू, फिलोमिनाबाई.

वाडीतल्या चर्चमध्ये चाळीस वर्षं फिलिप मास्तरांनी पियानो वाजवला. गेल्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला, पियानोवर चादर पडली, आणि पाळकसाहेबांनी मोबाईलला भला मोठा स्पीकर जोडला. मोबाईलमधली गाणी आपल्या तालात धावायची आणि म्हाताऱ्या बायका एकेक ओळ मागं राहायच्या. तिसऱ्या रविवारी फिलोमिनाबाईंनी पुस्तक मिटलं. "मी काय मोबाईलच्या मागं पळू व्हय?" म्हणाल्या, आणि घरीसुद्धा गायच्या बंद झाल्या. आधी दारात बसून तांदूळ निवडताना गायच्या. लग्न होऊन आल्यापासून चौदा वर्षं एंजेलानं ते गाणं ऐकत संसार केला होता. आता नुसते खडे निवडले जायचे. घर कसं मुकं झालं होतं, आणि ते एंजेलाला सहन होत नव्हतं. दोन महिन्यांवर कापणीचा सण होता. त्या दिवशी आईंना गायला लावायचंच, असं तिनं मनाशी धरलं.

ती आधी मास्तरांकडे गेली. मास्तर सरळ माणूस. "रोज तासभर, दोन वर्षं," ते म्हणाले. "मग कुठं उजव्या हाताला कळतं, डावा काय करतोय ते."

"मास्तर, माझ्याकडं वीस मिनिटं आहेत."

"मग कीबोर्डच घे, पोरी."

नगरच्या दुकानदारानं एक बोट ठेवलं तर ढोलक, बासरी, व्हायोलिन असा सगळा लवाजमा वाजू लागला. "ताई, तुम्ही फक्त बोट ठेवायचं. बाकी सतरा माणसं आत बसलीत."

"सतरा माणसं, आणि जेवायला एकबी न्हाई," एंजेलाचा नवरा नोहा म्हणाला. "घेऊन टाक."

कीबोर्ड घेतला आणि तो नोहाच्या टेम्पोतून घरी आला. आठ दिवसांत एंजेलाची चार गाणी बसली. मुलं नाचायला लागली, शेजारची सविता दारात येऊन उभी राहायला लागली. फिलोमिनाबाई मात्र "बरं हाय" एवढंच म्हणून आत जायच्या.

कीबोर्ड घे म्हणताना मास्तरांनी एकच अट घातली होती: विसातली पाच मिनिटं त्यांना द्यायची. त्या पाच मिनिटांत ते चर्चमध्ये पियानोवरची चादर काढायचे आणि फिलोमिनाबाईंचं आवडतं गाणं शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, डाव्या हाताची एक पट्टी, उजव्याच्या दोन, आणि मग म्हणायचे, "आता थांब."

"कुठवर?"

"समोरच्याचा श्वास ऐकू येईस्तोवर."

एंजेला थांबायची, पण डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. एवढ्या वेळात कीबोर्डवर अख्खं कडवं झालं असतं. मास्तरांचं वय झालंय, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल वाईटही वाटायचं.

सणाच्या दिवशी चर्च भरून गेलं. वेदीपाशी ज्वारीची कणसं, भोपळे, हरभऱ्याच्या पेंढ्या, आणि पहिल्या बाकाला बांधलेला एक तांबडा कोंबडा. बरंच सामान होतं म्हणून दोन भोपळे पियानोवरही ठेवले होते. एंजेलानं कीबोर्डचा सत्तेचाळीस नंबरचा ठेका लावला आणि पहिलं गाणं असं उडालं की पोरं टाळ्या पिटू लागली. पाळकसाहेबांनीही पायानं ताल धरला.

दुसरं गाणं फिलोमिनाबाईंचं. पहिल्याच सुराला त्या उठून उभ्या राहिल्या. आईंनी ओळ म्हटली, आणि शेवटचा शब्द वाडीच्या जुन्या रिवाजानं लांबवला. इथं ओळीचा शेवटचा शब्द श्वास संपेपर्यंत सोडत नाहीत. देवापुढं कसली घाई? पण आतल्या सतरा माणसांना हा रिवाज कोण सांगणार? ती सगळी पुढच्या ओळीवर गेलीसुद्धा. आईंनी धावत दुसरी ओळ गाठली तर ठेका तिसरीवर. चौथीला त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि खाली बसल्या.

मोबाईलनं केलं तेच एंजेलानं स्वतःच्या बोटानं केलं होतं. तिनं घाईनं बटण दाबलं, तर ते नेमकं समाप्तीचं. ढोलक-झांजांनी लग्नाच्या वरातीसारखा दणका उडवला, कोंबडा फडफडला, पोरं खिदळली.

ती उठली. चार पावलांवर पियानो होता. तिनं भोपळे उचलून खाली ठेवले, चादर काढली आणि झाकण उघडलं. मास्तर आपल्या जागी ताठ बसले. तिनं डाव्या हाताची एक पट्टी दाबली, उजव्याच्या दोन. आणि थांबली.

कोणी गायलं नाही. सूर विरून गेला. तिनं पुन्हा तेच वाजवलं, पुन्हा थांबली. या खेपेला तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. मागं बाक कुरकुरलं. कोणीतरी गुडघ्यावर हात ठेवून उठत होतं, आणि मग तिला तो ऐकू आला: खोल, थोडा घरघरता श्वास.

फिलोमिनाबाई गायला लागल्या. शेवटचा शब्द आला तसा त्यांनी तो धरला, खुशाल धरला, आणि एंजेला पट्टीवर बोट ठेवून बसून राहिली. दोनदा चुकली. पण तिचं चुकणंही आईंच्या मागून चालत होतं. दुसऱ्या कडव्याला सगळ्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. एंजेलाला समोरच्या पट्ट्या धड दिसेनात, इतकं रडू येत होतं.

सण आटपून दोघी घरी निघाल्या. सून घरात आल्यापासून फिलोमिनाबाईंनी चुलीला हात लावलेला नव्हता. तो त्यांचा मान होता, आणि चौदा वर्षं त्यांनी तो कसोशीनं पाळला होता.

"एंजेला," दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं सांजच्या भाकरी मी थापीन. तू मास्तरांकडं जा. लई चुकतीस तू, वीस मिंटात न्हाई व्हायचं तुझं."