कोसमगुड्याची दवंडी

आमच्या चिचगावच्या शाळेची दवंडी यंदा मी दिली. मुलीनं डफडं बडवून दवंडी दिल्याचं अख्ख्या चांदा जिल्ह्यात कोणी ऐकलं असेल तर त्यानं समोर यावं, माझ्या वाट्याच्या सगळ्या चारोळ्या त्याच्या.

खरं तर हे काम दसरूभाऊचं. दसरूभाऊ म्हणजे आमच्या गावचा कोतवाल. उन्हाळा सरत आला की तो आसपासच्या रानातल्या गावांत फिरतो आणि सांगतो, शाळा अमक्या दिवशी उघडते, सहा वर्षांची पोरं धाडा, फी नाही, आंघोळ घालून धाडा. यंदा त्याच्या पायात काटा मोडला आणि पाय सुजून कोहळ्यासारखा झाला. आता कोण जाईल, असं गुणवंतराव मास्तरांनी विचारलं. माझा हात वर गेला. तो वर जाणार आहे हे मलाही तो वर गेल्यावरच कळलं.

मागच्या वर्षापर्यंत मी अशी नव्हते. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा मला घाम फुटायचा. मग सव्वीस जानेवारीला मास्तरांनी मला भाषणाला उभं केलं आणि माझ्या गळ्यातून असा आवाज निघाला की चिंचेखाली पेंगणाऱ्या दोन म्हाताऱ्या दचकून उठल्या. तेव्हापासून माझा आवाज मला फार आवडतो. आई म्हणते, कमळे, हळू बोल, दूध नासते.

डफडं गळ्यात घालायला आईची ना होती. पोरीच्या जातीला ते शोभत नाही, आणि आपल्या घरात त्याला कोणी हात लावत नाही. पण बाबांनी तिला गप्प केलं, कारण गोष्ट माझ्याच शाळेची होती. पोरं कमी म्हणून दुसऱ्या मास्तराची रिकामी जागा काढून घेणार, असं वरून कळलं होतं. मास्तर एकच राहिला तर चौथीपर्यंतचेच वर्ग राहतात, आणि मी तर सातवीत चालले होते. सातवी बंद झाली की माझ्यासाठी आत्याच्या दिराचा मुलगा तयारच होता. त्याला मिशा आहेत आणि तो जेवताना बोलत नाही, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत आहे. शाळा उघडेल त्या दिवशी दुपारी साहेब पोरं मोजायला येणार होते. कोसमगुड्याची पोरं आली तर वर्ग टिकणार होता. कोसमगुड्याचं एकही पोर आजवर शाळेत आलं नव्हतं.

दसरूभाऊ मला वाट सांगायला लागला. मी त्याला अर्ध्यातच थांबवलं, म्हटलं, “मले माहीत हाये.” आणि होतंच मला माहीत. लहान असताना बाबांसोबत मोहाची फुलं घ्यायला मी तिथं गेले होते. नाल्यापलीकडे कोसमाच्या मोठ्या झाडांची राई, आणि राईत गाव.

नाला ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. राईत शिरले आणि अंगावरचा घाम एकदम गार झाला. गाव तिथंच होतं, मला आठवत होतं तस्संच. कुडाची घरं, मधे अंगण, अंगणाच्या टोकाला गेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड. घरांच्या दारांना लावलेल्या बांबूच्या ताट्या बाहेरून बांधलेल्या होत्या. मोठी माणसं रानात गेली असतील, पोरांना आत ठेवून ताटी बांधून गेली असतील, असं मला वाटलं. आमच्याकडेही शेताच्या धुऱ्यावर जाताना असंच करतात. अंगणात गुडघाभर गवत होतं. कुत्रं भुंकलं नाही. कोंबडी नव्हती. हे सगळं मी पाहिलं, पण माझं लक्ष माझ्या आवाजाकडे होतं.

मी डफडं वाजवलं आणि म्हटलं, ऐका हो ऐका, चिचगावची शाळा येत्या सोमवारी उघडते, सहा वर्षांच्या वरची सगळी पोरं यावी, कोणाला मागं ठेवू नये, सगळ्यांना जागा आहे. यातलं शेवटचं मी मनानं घातलं होतं. दसरूभाऊ तसं म्हणत नाही.

मग मास्तर विचारतात तसं मी विचारलं, “आलं का ध्यानात?”

कुडाच्या आतून उत्तर आलं, “हो बाई.”

खूप लहान आवाज होते, सगळ्या घरांतून एकदम आलेले, आणि जमिनीपासून जरा वर, बसलेल्या पोराचं तोंड असतं तिथून. मग सगळे थांबल्यावर एक आवाज मागाहून आला. “हो बाई.”

मला आजवर कोणी बाई म्हटलं नव्हतं. मी इतकी खूश झाले की परत फिरताना नाचले असेन. राईतून बाहेर पडल्यावर ऊन पुन्हा अंगाला लागलं, तेव्हा कळलं की आपले दात वाजताहेत.

नाल्यावर एक बाई पाणी भरत होती. तिनं विचारलं, डफडं कोणासाठी वाजवत होती? मी ऐटीत सांगितलं, कोसमगुड्याच्या पोरांसाठी, आणि पोरं हो म्हणाली. तिच्या हातातला भोपळ्याचा तुंबा पाण्यात सुटला. तो वाहत चालला तरी तिनं धरला नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “त्यात एक मागून बोलला का?”

मी हो म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि मग मला हाताला धरून नाल्याच्या दुसऱ्या अंगानं वर नेलं. तिचं नाव इतवारी.

वर कोसमगुडा होतं. खरं कोसमगुडा. कुत्री होती, धूर होता, कोंबड्या होत्या, नागडी पोरं होती. बिरजूभाऊ या गावचा जाणता. त्यानं मला खाटेवर बसवून सगळं नीट सांगितलं, न रागावता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तीन पावसाळ्यांमागं खाली राईत देवीचा आजार आला होता. मोठी माणसं बहुतेक वाचली, लहान पोरं गेली. त्यांच्यात असं झालं की गाव उचलतात. घरं तशीच सोडतात, ताट्या बाहेरून बांधतात, आणि नाव तेवढं सोबत घेऊन दुसऱ्या जागी जातात. खालच्या गावात त्यानंतर कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

“आणि तू जाऊन त्यायले बोलावून आली,” बिरजूभाऊ म्हणाला.

मी म्हटलं, मी तर नुसती दवंडी दिली.

“सगळ्यायले जागा हाये म्हणाली ना?”

मी मान हलवली. आता आमचं एकही पोर तुमच्या शाळेत येणार नाही, असं तो म्हणाला. गेलेली पोरं सोमवारी वाटेला लागतील, कारण त्यांना बोलावणं आहे. जिवंत पोरं त्याच वाटेनं चालतील. पोराला पोराची सोबत आवडते, कोणी कोणाचा हात धरेल आणि संध्याकाळी कोणाला घेऊन परतेल, ते कोण पाहणार? बोलावणं मागं घ्यायचं तर ज्या तोंडानं दिलं त्याच तोंडानं घ्यावं लागतं. दुसऱ्या कोणाचं ते ऐकत नाहीत.

“जाय, सांग त्यायले, शाळा तुमची नाई,” तो म्हणाला.

मी उठले, नाल्यापर्यंत गेलेसुद्धा. पण मला ते वाक्य तोंडात धरवेना. हजेरीला आवाज न फुटणारी मुलगी मी मागच्याच वर्षापर्यंत होते. ती पोरं एका हाकेला हो म्हणाली होती. त्यांना कसं सांगायचं की तुम्ही येऊ नका? आणि सांगितलं तरी मला खात्री नव्हती. आमच्या वर्गातल्या मुलाला येऊ नको म्हटलं की तो हटकून खिडकीशी येऊन बसतो.

शाळेत कोण परत येत नाही, याचा मी विचार करत नाल्याच्या दगडावर बसले. मग धावत वर गेले. बिरजूभाऊला म्हटलं, मी त्यांना हाकलणार नाही, पास करीन. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी मास्तर पायरीवर उभे राहून नावं घेतात. ज्याचं नाव आलं तो पास. तो फाटकातून बाहेर जातो आणि त्या वर्गात पुन्हा बसत नाही. बसायला गेला तर बाकीचे हसतात.

बिरजूभाऊनं यावर बराच वेळ तंबाखू मळला. मग म्हणाला, नावं लागतील ना त्याले?

तीच अडचण होती. गेलेल्या पोराचं नाव ते लोक घरात घेत नाहीत. त्यानं बायांना बोलावलं. एकेक बाई आली, माझ्या डोक्यावर पदर धरला आणि पदराच्या आत माझ्या कानात नाव सांगितलं. कोणाचा श्वास गरम होता, कोणाचा थंड. एका बाईनं आधी दुसऱ्याच मुलाचं नाव सांगितलं, मग रडत बदललं. इतवारी सगळ्यांत शेवटी आली. तिनं पदर धरला, पण बोलली काहीच नाही. मग पदर काढून म्हणाली, माझा तिथं नाई, तो पुढं गेला. कोणी काही विचारलं नाही.

मी राईत परत गेले. ऊन अजून होतं, पण झाडांखाली पोहोचत नव्हतं. एका ताटीची दोरी सुटून खाली पडली होती. मघाशी ती बांधलेली होती की नव्हती, हे मी मनाला विचारू दिलं नाही. अंगणात उभी राहिले आणि डफडं न वाजवता म्हटलं, तुमचा निकाल लागला आहे. मग नावं घेतली. लालसू, पास. झिंगू, पास. सोमारी, पास. माझा आवाज चिरकला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. प्रत्येक नावानंतर कोणत्या तरी घराचा कुड करकरायचा, आणि गवत वाकायचं, अंगणाच्या टोकाकडे, त्या दगडांकडे. वारा नव्हता. शेवटी मी म्हटलं, पास झालेल्यांनी आता पुढे जायचं, मागं बसायचं नाही.

एकच कुड करकरायचा राहिला होता, कोपऱ्यातल्या घराचा. मी तिकडे पाहिलं नाही आणि चालायला लागले.

सोमवारी कोसमगुड्याची पोरं आली. बिरजूभाऊ सगळ्यांत पुढे, नातवाचं बखोट धरून. त्याचं नाव जंगू, आणि त्याला आंघोळ घातलेली दिसत होती. मागं एक ओळच्या ओळ. मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चष्मा पुसायचं नाटक केलं. मी पोरांना तरटपट्टीवर बसवत होते, आणि माझी सातवी आता कोणाचा बापही बंद करू शकत नाही, असं मनात म्हणत होते.

तेवढ्यात इतवारी आली. तिच्या एका हातात नवी पाटी होती, अहेरीच्या बाजारातून आणलेली. दुसरा हात जरा खाली, जरा बाहेर धरलेला होता. लहान पोराला चालवत आणताना हात असा असतो. ती तरटपट्टीच्या टोकाशी गेली, वाकली, काहीतरी खाली बसवलं आणि समोर पाटी ठेवली.

पट्टीवरची पोरं आपसूक सरकली. त्यांनी जागा केली.

दारात सगळ्यांचे आईबाप उभे होते. बिरजूभाऊनं जंगूचा दंड धरला आणि त्याला उठवायला लागला. ते पाहून बाकीचेही पुढे आले. साहेब दुपारी येणार होते, आणि पट्टी रिकामी व्हायला पाच मिनिटंही लागली नसती.

मी इतवारीजवळ गेले. म्हटलं, “इतवारीबाई, नाव सांग. आत्ता पास करते.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पोर आहे.

“पह्यल्याच दिवशी पास करतं काय वो? त्याले शिकू तर दे.”

मास्तर फळ्याजवळ खडू धरून उभे होते आणि तेही माझ्याकडेच पाहत होते, जणू शाळा माझीच. बिरजूभाऊनं मला विचारलं, हे किती दिवस? मी म्हटलं, वर्षभर. परीक्षा होईस्तोवर. मग नाव घेईन, पायरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर.

“तवा नाव सांगशील?” त्यानं इतवारीला विचारलं.

ती म्हणाली, तवा सांगीन. पास झाला तर.

बिरजूभाऊ पट्टीच्या टोकाशी गेला. मग वाकून, हलक्या आवाजात, त्यांच्या बोलीत तिथं काहीतरी सांगितलं. मोठी माणसं दांडग्या पोराला तंबी देतात त्या सुरात. आणि जंगूचा दंड सोडला. फक्त त्याला तिथून उठवून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं.

साहेबांनी दुपारी पोरं मोजली. दुसरा मास्तर मंजूर झाला. तो पोळ्यानंतर येणार आहे, तोवर दुपारी पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. मी फळ्यावर अक्षर काढते आणि मग पट्टीवरून एकेकाची पाटी पाहत जाते. इतवारी बाहेर मोहाखाली बसून पत्रावळी लावते, आणि शाळा सुटली की पाटी उचलून, दुसरा हात तसाच बाहेर धरून, नाल्याच्या वाटेनं जाते.

टोकाची पाटीही मी पाहते. पाहावीच लागते, बोलावलं मी आहे. पहिले काही दिवस ती कोरी होती. मग तिच्यावर रेघा आल्या, वाकड्या, पेन्सिल मुठीत धरली की येतात तशा. कोणी काढल्या हे मी कोणाला विचारलं नाही, आणि जंगू तर तिकडे बघतसुद्धा नाही. परवा ‘ग’ होता, पण उलटा. काल मी पाटीच्या वरच्या कोपऱ्यात एक ‘ग’ काढून दिला.

आज त्याच्याखाली पाटी भरून ‘ग’ होते, सगळे सरळ. मी बरोबरची खूण केली, पाटी पुसली आणि ‘म’ घालून दिला.